सानपाड्याचे उघडे वायफाय

१/ २६ जुलै २००८. अहमदाबादेत साखळी स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल पोहोचला. स्फोटांत ५६ माणसे मृत्युमुखी पडली. ई-मेलचा माग काढत महाराष्ट्राचे दहशतवादविरोधी पथक थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका सदनिकेत पोहोचले.

२/ संशय आला तो तेथे राहणाऱ्या अमेरिकी गृहस्थावर. पुढे तपासात दिसले, की त्याचे वायफाय तिऱ्हाइतानेच वापरले होते. घरात पाऊलही न टाकता!

३/ हे शक्य कसे झाले? १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने असे यंत्र परवान्याविना नुसते बाळगणेही गुन्हा ठरवले होते. जानेवारी २००५ मध्ये केंद्राने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. सानपाड्याची घटना त्यानंतर अवघ्या साडेतीन वर्षांची.

४/ हा पट्टा म्हणजे लहरींचे गायरान. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेत तो औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी राखला गेला. मायक्रोवेव्ह ओव्हनही तेथेच चालतो. अमेरिकेने १९८५ मध्ये त्यात विनापरवाना संदेशवहनास वाट दिली आणि १९९७ मध्ये वायफायचे पहिले मानक आले.

५/ २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब. ती भिंती बऱ्यापैकी ओलांडते; जिन्यात, वाहनतळातही पोहोचते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर निम्म्याहून आखूड. वेग अधिक, पण दोन भिंतींतच थकते.

६/ आणि नाव? राउटर ते सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारतो. ती दारावरची पाटी होय, कुलूप नव्हे. नाव लपवूनही फारसे साधत नाही, कारण जोडणी होताना ते हवेत उमटतेच. कुलूप म्हणजे पासवर्ड आणि कूटलेखन.

७/ ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे, तर सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कार्यालयाचे वायफाय असेच वापरले गेले. अखेर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याचे निर्देश सेवादात्यांना दिले.

८/ ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झमधील ६०५ मेगाहर्ट्‌झ घराबाहेरील वापरासाठीही मोकळे झाले, २.४ मध्ये मिळतात जेमतेम ८३.५. आपल्या फोनवर एकाच घराची दोन नावे दिसतात, एकाच्या शेपटाला ‘५जी’ असते, ती या दोन पट्ट्यांची. मोबाइलच्या ५जी पिढीशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.