कारण न सांगता कैद : नातू बंधू ते मोक्का

मी शिरगावातून बोलतोय. इथून जवळच चिंचवड, चापेकरांचं गाव. २२ जून १८९७ ला त्यांनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो. पण नंतर पुण्यातल्या नातू बंधूंचं काय झालं?

सरकारने दोघांना उचललं, मालमत्ता ताब्यात घेतली. आरोपपत्र नाही, खटला नाही. आधार कसला? १८२७ चं, म्हणजे सत्तर वर्षं जुनं, मुंबई इलाख्याचं पंचविसावं रेग्युलेशन. सुटका थेट १८९९ मध्ये. कारण कोर्टात कधी तपासलंच गेलं नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हरवर ज्याला सगळे अधिकार, त्याच्या प्रत्येक कमांडचा लॉग ठेवायचा, आणि तो त्याला पुसता येऊ द्यायचा नाही, हा आमचा साधा नियम.

१९९९ च्या मोक्कात असा लॉग आहे. फोन टॅपिंगचे किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, शिक्षा किती झाल्या, याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवा, असं कलम २७ सांगतं. पण सुरक्षेला बाधक वाटेल तो भाग सरकार वगळू शकतं. म्हणजे पुसायचं बटण त्याच्याच हातात!

दहशतवाद खराच आहे. २००६ च्या लोकल स्फोटांचा खटला मोक्काखालीच चालला. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. मग स्फोटात माणसं गमावलेल्यांना उत्तर कोण देणार?

म्हणून अधिवेशन आलं की आपापल्या आमदाराला एवढंच विचारा : कलम २७ चा अहवाल कुठंय?