सरदार सरोवर प्रकल्प आणि पर्यावरणीय आघात मूल्यांकन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विकास प्रकल्पाचे पर्यावरणावरील परिणाम आधी अभ्यासावेत, ते सौम्य करणारे उपाय ठरवावेत आणि मगच प्रकल्पास मान्यता द्यावी, हे पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे मूलतत्त्व होय. नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पात हा क्रम उलटला. त्याचे परिणाम प्रस्तुत लेखात तपासले आहेत.

१९६९ मध्ये स्थापन झालेल्या नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा देऊन धरणाची उंची व राज्यांतील पाणीवाटप निश्चित केले. १९८५ मध्ये जागतिक बँकेशी ४५ कोटी डॉलरचा करार झाला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची सशर्त मंजुरी मात्र जून १९८७ मध्ये मिळाली. त्या वेळी पाणलोट क्षेत्र, वन्यजीव, आरोग्य इत्यादींविषयीचे अभ्यास अपूर्ण होते. ते १९८९ पर्यंत पूर्ण करून उपाययोजना बांधकामाबरोबरच राबवाव्यात, अशी अट होती. परिणामी, प्रकल्प व्हावा की नाही हा प्रश्न मूल्यांकनाच्या कक्षेबाहेर गेला. उरली ती केवळ अटींची पूर्तता.

जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ च्या अहवालात पर्यावरणीय परिणामांचा पुरेसा विचार झाला नसल्याचे नोंदवून फेरविचार सुचविला. मार्च १९९३ मध्ये भारताने उर्वरित कर्ज नाकारले; बांधकाम मात्र सुरूच राहिले.

महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे या प्रकल्पाने बाधित झाली. ‘जमिनीच्या बदल्यात जमीन’ देण्यासाठी तळोदा परिसरातील वनजमीन वापरावी लागली. म्हणजे एका हानीच्या भरपाईपोटी दुसरी हानी पत्करली गेली. मूल्यांकन आधी झाले असते, तर हा खर्चही प्रकल्पाच्या हिशेबात मांडता आला असता.

२७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने विशिष्ट प्रकल्पांसाठी मूल्यांकन कायद्याने बंधनकारक केले. तथापि ही अधिसूचना पूर्वलक्षी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० च्या बहुमताच्या निकालात स्पष्ट केले. न्यायमूर्ती भरुचा यांनी भिन्नमतपत्रिकेत पुरेशा अभ्यासाविना दिलेल्या मंजुरीवरच आक्षेप घेतला. पुढे २००६ मध्ये नवी अधिसूचना आली आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले.

सारांश, सरदार सरोवराच्या इतिहासात मूल्यांकनाचा आशय जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची वेळही महत्त्वाची ठरते. निर्णयानंतर केलेले मूल्यांकन हानीची नोंद ठेवू शकते, काही अंशी तिची भरपाईही सुचवू शकते. परंतु पर्याय निवडण्याची संधी तेव्हा उरलेली नसते.