पोटात सेल असलेली चिप

मंडळी, या वेळी विषय जरा रुक्ष आहे, पण मला फार जवळचा. आमचं राजूर कोळशाचं आणि चुनाभट्ट्यांचं. तिथल्या घरी माझ्या टेबलावरच्या जुन्या यंत्रांना सरळ 'भंगार' म्हणतात. म्हणोत बापडे! पण ही यंत्रं भंगारात जातात ती बहुतेकदा झिजून नव्हे, तर विसरून. ती कशी, त्याची ही गोष्ट.

मोजमापाच्या यंत्राला दोन प्रकारची आठवण लागते. एक कायमची, म्हणजे प्रोग्रॅम. त्यासाठी इंटेलने १९७१ साली अतिनील किरणांनी पुसता येणारी ईप्रॉम आणली. दुसरी अधूनमधून बदलणारी, म्हणजे कॅलिब्रेशनचे आकडे. त्यासाठी साधी रॅम आणि तिला जिवंत ठेवायला बोर्डावर बॅटरी. ही बॅटरी गळायची आणि बोर्डावरचे तांब्याचे पट्टे खाऊन टाकायची.

१९८४ साली अमेरिकेत डॅलस सेमिकंडक्टर ही कंपनी निघाली. तिने लिथियमचा सेल चिपच्याच पोटात घालून वरून एपॉक्सी ओतलं. घड्याळाचंही तेच. आयबीएमच्या १९८४च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची घड्याळ-चिप होती, बॅटरी वेगळी. डॅलसच्या १२८७ मध्ये क्रिस्टल आणि सेल दोन्ही आत. गळती नाही, कटकट नाही. फक्त सेल संपला की बदलायची सोय नाही!

आयुष्य सांगितलं होतं साधारण दहा वर्षांचं. प्रत्यक्षात पुष्कळ चिपा त्याहून खूप जास्त टिकल्या, पण कधीतरी संपणारच ना? एचपीचा ३४५८ए हा साडेआठ अंकी मल्टिमीटर १९८९चा. त्यात अशा तीन चिपा. त्यातल्या सर्वांत लहान, दोन किलोबाइटच्या चिपमध्ये कॅलिब्रेशन. हे आकडे त्या एकाच मीटरचे असतात, शेजारच्या मीटरचे चालत नाहीत. सेल मेला की इतका अचूक मीटर आंधळा होतो. मग पुन्हा कॅलिब्रेशन आलं. अंधेरीला सरकारी ईआरटीएल प्रयोगशाळा आहे, पण राजूरहून मुंबई म्हणजे अख्खा महाराष्ट्र ओलांडणं आलं.

म्हणून यंत्र चालू आहे तोवरच हात घालायचा. आधी आकडे केबलने संगणकावर उतरवून घ्यायचे, दोन ठिकाणी ठेवायचे. मग चिप काढायची, प्रोग्रॅमरवर पुन्हा वाचून ताळा करायचा. नवीन चिपमध्ये तेच आकडे भरायचे, आणि बोर्डावर सॉकेट लावूनच ती बसवायची. पुढच्याचे हाल वाचतात.

आता बॅटरी न लागणारी एफरॅमही मिळते. मात्र ती सगळीकडे चालत नाही. दर वाचनाला तिला निवडीचा सिग्नल नव्याने खाली आलेला लागतो. जुना बोर्ड तो खालीच धरून पत्ते बदलत असेल तर ती चुकीचं वाचते. घड्याळाला तर सेल हवाच. काही जण एपॉक्सी कानशीने खरवडून आतल्या सेलची जोडणी तोडतात आणि बाहेरून तीन व्होल्टचा सेल जोडतात. दिसतं गावठी, चालतं झकास.

डॅलस २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली, मॅक्सिम २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसने. कंपन्यांची नावं बदलली, पण त्या काळ्या ठोकळ्यांतले सेल आपापल्या गतीने संपतच आहेत. खाणीच्या गावात वाढलेल्या माणसाला हे नवीन नाही. साठा संपणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, प्रश्न असतो आधी काय वाचवून ठेवलं याचा.

तुमच्याकडे असं एखादं जुनं यंत्र असेल, तर या रविवारी एवढं कराच. ते चालू करा, आणि आत काय लिहिलंय ते उतरवून घ्या.