थकव्यावरची गोळी

रिटालिन हे नाव हल्ली कानावर येते ते चंचल मुलांच्या संदर्भात. वर्गात एका जागी न बसणाऱ्या मुलांचे औषध, अशी त्याची ख्याती. पण ते बाजारात आले थकलेल्या मोठ्या माणसांसाठी! हे वाचनात आले आणि मी त्या धाग्याच्या मागेच लागलो.

१९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझॉन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांच्या पत्नीचे नाव मार्गरीट, लाडाचे रिटा. तिचा रक्तदाब कमी असे. टेनिस खेळण्याआधी ती ही गोळी घेई, म्हणून गोळीचे नाव रिटालिन. (बायकोच्या आठवणीसाठी ताजमहाल बांधणारे आपल्याला ठाऊक, हे गृहस्थ गोळीवर भागले.) १९५४ मध्ये ती स्वित्झर्लंडमध्ये विक्रीस आली, १९५५ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. उपयोगांच्या यादीत होते दीर्घकाळचा थकवा, मरगळ, उदासी. मुलांची पाळी आली १९६० नंतर.

आता योगायोग पाहा. त्याच १९५५ च्या जुलैत लंडनचे रॉयल फ्री रुग्णालय एका विचित्र साथीमुळे बंद करावे लागले, ते ऑक्टोबरपर्यंत. नोव्हेंबरपर्यंत २९२ कर्मचारी आजारी पडले; आधीपासून दाखल असलेले रुग्ण मात्र जेमतेम १२. डोकेदुखी, स्नायूंचे दुखणे, चक्कर, विलक्षण अशक्तपणा. तपासण्यांत ठोस काही सापडेना. १९५६ मध्ये 'लॅन्सेट'ने आजाराला लांबलचक नाव सुचवले, त्यातला पहिला शब्द 'बिनाइन', म्हणजे सौम्य. का, तर कोणी दगावले नाही! वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्यांना हा शब्द कसा लागला असेल?

पुढे १९७० मध्ये मॅकएव्हडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून निदान केले: हा सामूहिक हिस्टेरिया. एकाही रुग्णाला समोर बसवून तपासले नाही. आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या, हेही त्यांच्या पुराव्यात जमा! मला हे अजिबात पटत नाही. पण तो शिक्का बरीच वर्षे पुसला गेला नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे नाव ठरले आणि सगळा आजार 'थकवा' या एका शब्दात कोंबला गेला.

थकवाच असेल तर उत्तेजक द्या, हा विचार मग ओघानेच आला. बेल्जियममधल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६० रुग्ण, रोज १० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, चार आठवडे. आणि चार आठवडे औषध नसलेली खोटी गोळी. थकव्यात नजरेत भरेल असा फरक पडला १७ टक्के लोकांना, एकाग्रतेत २२ टक्क्यांना. २०१८ मध्ये अमेरिकेत हेच औषध जीवनसत्त्वे वगैरेंच्या जोडीने देऊन पाहिले, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही.

पराणी टोचली की बैल चार पावले झपझप टाकतो, पण त्याने पोटात वैरण जात नाही. ही गोळी मेंदूतल्या डोपामिनचा प्रभाव वाढवते, हुशारी वाटते. शक्ती मात्र नवी येत नाही. आणि या आजाराची खरी खूणच अशी की झेपेल त्याहून जास्त केले की एक-दोन दिवसांनी माणूस कोसळतो. अमेरिकेतल्या २०१५ च्या अहवालाने ही खूण निदानात आवश्यक ठरवली. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ मध्ये हळूहळू व्यायाम वाढवण्याचा जुना सल्ला काढून टाकला, आणि आजार बरा करण्यासाठी म्हणून कोणतेही औषध देऊ नये असे सांगितले. तरी त्या साठांतल्या दहा जणांना चार तास वाचता येत असेल, तर ते हिरावून घ्यावे असे मी म्हणणार नाही. फक्त वाचून झाल्यावर त्यांना पडून राहू द्या.

आमच्या नात्यातल्या एका सुनेला हा त्रास तीन वर्षे आहे. नाव लिहीत नाही, घरच्यांना कळेलच. न्हाणे आणि स्वयंपाक एकाच सकाळी केला की दुसरा दिवस अंथरुणात. परवा फोनवर तिने या गोळीबद्दलच विचारले. मी वरचे सगळे तिला सांगितले, आणि डॉक्टरांशी बोलायला सांगितले. मग तिने विचारले, "काका, हे सगळे आमच्या सासूबाईंनाही सांगाल का?"

म्हणून लिहिले.