इचारलं त लपवाचं नाही

वाशीममध्ये ‘मिशनचा दवाखाना’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. पाटीवर रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल असं नाव आहे, पण ते पाटीपुरतंच. डॉ. ऑर्फा स्पायकर या नाझरीन मंडळीच्या अमेरिकन डॉक्टर. १९३६ साली त्या भारतात आल्या आणि १९३८ साली त्यांनी वाशीमला एका जुन्या शाळेच्या इमारतीत हा दवाखाना सुरू केला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. आजी त्यांना ‘डॉक्टरीनबाई’ म्हणायची. आजी तिथे आया होती, म्हणून आमच्या घरातल्या निम्म्या गोष्टी याच आवारात घडतात.

ऑपरेशनच्या आधी तिथे प्रार्थना व्हायची. डोळे मिटायचे, प्रभूचं नाव घ्यायचं, मग कामाला लागायचं. आजीच्या आवडत्या गोष्टीतली म्हातारी माळकरी होती आणि सून आत टेबलावर. प्रार्थना संपल्यावर ती म्हणाली, “तुमच्या देवाले तुमी सांगतलं, बरं केलं. इठोबाले म्या सांगतलं हाये.” या वाक्यावर आजी दर वेळी खूश होऊन हसायची. म्हातारी ख्रिस्ती झाली का, असं मी लहानपणी विचारलं होतं. “काहून होईन? सून वाचली, घरी गेली,” एवढंच उत्तर.

दुसरी गोष्ट भांड्याची. वॉर्डातली एक खात्यापित्या घरची बाई आजीच्या हातचं पाणी घेत नव्हती. आमचं मूळ घर गावकुसाबाहेरचं, हे तिला आडनावावरूनच कळलं होतं. पण बेडपॅन आजीनेच धुवायचं, त्याला तिची हरकत नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने विचारलं, हे घाण काम तू तोंड वाकडं न करता कसं करतेस? आजी आधी म्हणाली, “पगार भेटते.” मग थांबून, “अन् आमच्या प्रभूनं शिष्याईचे पाय धुतले. म्या भांडं धुतलं त काय झालं?” त्या संध्याकाळी बाईने पाणी मागितलं. आजीच्या लेखी साक्ष ती एवढीच. तिचा नियम होता: “आपन सांगाले जायचं नाही. पन कोनी इचारलं त लपवाचं नाही.”

आजोबांचं दैवत कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. उपासनेत टिळकांचं पद आलं की आजोबांचा टाळ जरा जोरातच वाजायचा. पण ते सांगायचे ती गोष्ट रेल्वेच्या डब्यातली. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. समोर एक गोरा प्रवासी. बोलणं कवितेवरून सुरू झालं, धर्मावर आलं, आणि उतरताना त्या माणसाने नवा करार हातात ठेवला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती माणूस आज ज्या अभंगांत प्रार्थना करतो, त्यांच्या मुळाशी तो डबा आहे, आणि आजोबांच्या गोष्टीत त्या प्रवाशाला नाव नसायचं. आजोबांना यातलं हेच आवडायचं. व्यासपीठ नाही, पावती नाही, वहीत नोंद नाही.

आता कडू भाग. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडात छप्पन्याचा काळ म्हणून लक्षात राहिला. मिशनांनी अनाथ मुलं सांभाळली, त्यातलाच एक पोरगा म्हणजे माझे खापरपणजोबा. “पोटासाठी बाटले” हा टोमणा आमच्या घराने तीन पिढ्या ऐकला, आणि तो अगदीच खोटा आहे असं मी म्हणणार नाही. भाकरीबरोबर धर्म येत होता, आणि उपाशी पोराला निवड कसली? आजोबा मात्र चिडायचे नाहीत. “पोटासाठी आलो, खरं हाये. पन पोट भरल्यावर थांबलो काहून, थे कोनी इचारत नाही.” पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा आमची बरीच भावकी बुद्धाला शरण गेली. आजोबा राहिले. चुलतभावांशी वाद झाले, अबोला झाला नाही. चौदा एप्रिलला त्यांच्याकडे जेवण, नाताळात आमच्याकडे करंज्या. आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी जिल्ह्यातून रिसोडकडे जाते, तेव्हा रस्त्याकडेला पाण्याचा माठ घेऊन उभे राहणाऱ्यांत आजोबाही असत. माठाजवळ पत्रकांचा गठ्ठा ठेवावा, असं एका तरुण पाळकाने सुचवलं. आजोबा म्हणाले, “मंग पानी पाजू नका, पत्रकंच वाटा.”

कायद्याचं म्हणाल तर, संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिलेला आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. त्यावरचा वाद अजून चालू आहे. वाशीमच्या वॉर्डातल्या आयांना तो खटला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आमच्या मंडळीत आता सकाळी सहापासून व्हॉट्सॲपवर वचनं येतात, गुलाबाच्या चित्रासकट. पाठवणारे भले लोक आहेत. त्यांच्यातल्याच काहींच्या शेजारी सिझर झालेली बाळंतीण असते आणि तिच्या घरी डबा कुणी नेलेला नसतो. त्या भावाबहिणींना माझी एक विनंती आहे. डबा आधी पोचवा, वचन मागाहून पाठवा. नाताळचा फराळ शेजाऱ्यांकडे नेता तसा त्यांचा दिवाळीचा फराळ येईल, तेव्हा तो मागच्या दाराने कामवालीला देऊन टाकू नका. घरात बसून खा, आणि रिकामं ताट परत करायला स्वतः जा.