बाळाच्या डोळ्यातील मोतीबिंदू : एका उपचाराचा इतिहास

मोतीबिंदू म्हटला की आजी-आजोबांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. राळेगाव परिसरातील खेड्यापाड्यांतही तो म्हातारपणाचाच सोबती समजला जातो. परंतु काही बालके हा दोष घेऊनच जन्मास येतात. वृद्धाला एकदा पाहिलेले जग पुन्हा दाखवायचे असते. बालकाला मात्र पाहणेच शिकायचे असते. हा भेद उमगण्यास वैद्यकाला शतके लागली.

सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवर जवाच्या आकाराचे टोक असलेल्या शलाकेने करावयाची क्रिया वर्णिली आहे. पुढे दीर्घकाळ वैदू सुईने गढूळ भिंग डोळ्यातच मागे ढकलीत. ते भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी १७५३ साली प्रसिद्ध केली. आपणा मराठी माणसांस अभिमान वाटावा असा एक दुवाही येथे आहे. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांना नेत्रवैद्यकात विशेष रस होता. त्यांच्या काळातील नेत्ररोग्यांची टिपणे व डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत.

बालकांविषयीचा खरा धडा मात्र लंडनमध्ये मिळाला होता. शल्यवैद्य विल्यम चेसेल्डन यांनी १७२८ साली तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तान्हेपणापासून अंध असलेल्या त्या मुलाचा पडदा दूर झाला, तरी मांजर कोणते व कुत्रा कोणता हे हाताने चाचपल्यावाचून त्याला कळेना. डोळा उघडला होता; दृष्टी अजून उमलायची होती.

याचे कारण विसाव्या शतकात स्पष्ट झाले. ह्यूबेल व वीझेल यांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून दाखविले की, आरंभीच्या काळात डोळा झाकलेला राहिला तर मेंदूतील पाहण्याची यंत्रणा नीट घडत नाही. त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच जन्मजात दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज साधारणपणे पहिल्या दोन महिन्यांतच करतात.

बाळाला पूर्ण भूल देऊन त्याचे मऊ भिंग ओढून काढले जाते. भिंगामागचे आवरण मुलांमध्ये लवकर धुरकटते, म्हणून त्यालाही मधोमध छिद्र ठेवावे लागते. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये प्रथम कृत्रिम भिंग बसविले. पण बाळाचा डोळा वाढता असतो. सात महिन्यांखालील ११४ बालकांच्या अमेरिकेतील अभ्यासात असे आढळले की, इतक्या लहान वयात भिंग बसविल्याने दृष्टी अधिक सुधारत नाही. उलट पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रसंग वाढतात. त्यामुळे तान्ह्या बाळांना बहुधा आधी चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स देतात. एकाच डोळ्यात दोष असेल तर चांगला डोळा रोज काही तास झाकून दुबळ्या डोळ्यास कामाला लावावे लागते. काचबिंदूची तपासणी तर अनेक वर्षे चालू ठेवावी लागते. शल्यवैद्याचे काम तासाभराचे, आईबापांचे वर्षानुवर्षांचे!

एक कारण टाळता येण्याजोगे आहे. गर्भारपणाच्या आरंभी आईला रुबेला झाल्यास बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो, हे ऑस्ट्रेलियाच्या नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखविले. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. मुलांना ही लस चुकवू नये.

बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, तीन महिन्यांचे होऊनही ते नजर देईना, डोळे तिरळे झाले वा सतत हलू लागले, तर ‘मोठे झाल्यावर पाहू’ असे म्हणू नये. पांढरी झाक कधी डोळ्यातील गाठीचीही खूण असते. राळेगावकरांना सेवाग्राम व यवतमाळ येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जवळ आहेत. उशीर झाला असला तरीही जावे. दिल्लीतील एका अभ्यासात आठ ते सतरा वर्षांच्या मुलांनीही शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत स्पर्शाने जाणलेली वस्तू नजरेने ओळखण्यात प्रगती केली, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. मात्र गमावलेले पहिले महिने कोणताही शल्यवैद्य परत आणू शकत नाही.