'अनकॉन्टेस्टेड' म्हणजे काय? बिनविरोध आणि एकमताने यात फरक आहे

ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की 'इलेक्टेड अनकॉन्टेस्टेड' असे स्टेटस दिसू लागतात. खाली कॅप्शन असते, 'सगळ्या गावाचा पाठिंबा'. पण या शब्दात तेवढा अर्थ नाही.

'कॉन्टेस्ट' म्हणजे लढणे किंवा हरकत घेणे. ज्यासाठी लढत झाली नाही किंवा ज्याला कुणी हरकत घेतली नाही, ते 'अनकॉन्टेस्टेड'. निवडणुकीत यालाच आपण बिनविरोध म्हणतो. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर जागा एक आणि उमेदवारही एकच उरला, की निवडणूक अधिकारी त्याला थेट विजयी जाहीर करतात. मतदान होतच नाही, त्यामुळे 'नोटा'चं बटण दाबायची संधीही मिळत नाही. 2024 मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात हेच झालं.

नाशिकला हा शब्द नवा नाही. 1962 च्या चीन युद्धाच्या काळात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढच्याच वर्षी पोटनिवडणुकीत ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले.

याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण मात्र अगदी वेगळं आहे. कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या देवळा तालुक्यातल्या उमराणे गावात डिसेंबर 2020 मध्ये सरपंचपदाचा लिलाव झाल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला. बोली 2 कोटी 5 लाखांवर गेली, पैसा मंदिरासाठी असल्याचं सांगितलं गेलं. राज्य निवडणूक आयोगाने चौकशी केली आणि जानेवारी 2021 मध्ये तिथली निवडणूकच रद्द केली. नंदुरबारच्या खोंडामळीचीही. ज्यांना उभं राहायचं होतं आणि ज्यांना मत द्यायचं होतं, त्यांचा हक्क लिलावात जातो, हा खरा आक्षेप.

म्हणजे 'अनकॉन्टेस्टेड' हा शब्द समोर कुणी नव्हतं एवढंच सांगतो, का नव्हतं ते सांगत नाही. सगळ्यांचा होकार असेल तर 'युनॅनिमस', म्हणजे एकमताने.

हा शब्द कोर्टातही वापरतात. घटस्फोटाच्या अर्जाला जोडीदाराने हरकत घेतली नाही, तर तो 'अनकॉन्टेस्टेड'.

'अनडिस्प्युटेड' म्हणजे निर्विवाद, ज्याबद्दल दुमत नाही असं. नाशिकची मिसळ 'अनडिस्प्युटेड' नंबर वन आहे असं लिहायला हरकत नाही, फक्त कमेंटमध्ये कोल्हापूरकर नसावेत.